राजदूत ३५० चे कार्ब बॅलन्स होत नाहीत? स्क्रूला हात लावायच्या आधी हे बघा

दरवर्षी खंडेनवमीच्या आठवड्यात मला हाच फोन येतो. गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी होती, दसऱ्याला हार घालायचा म्हणून बाहेर काढली, तीसचाळीस किका मारल्यावर सुरू झाली आणि आता एका सायलेन्सरमधून धूर जास्त येतोय, स्लो लागत नाही, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहत नाही, हँडल थरथरतंय. रोगाचं नाव पण फोन करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, कार्ब बॅलन्स गेलाय, म्हणजे दोन्ही सिलेंडरचे कार्ब्युरेटर सारखं पेट्रोल-हवा देत नाहीयेत. आणि बहुतेक वेळा तोपर्यंत कुणीतरी पेचकस घेऊन चारही स्क्रू (दोन स्लोचे, दोन हवेचे) फिरवून झालेले असतात, त्यामुळे मूळ बिघाड एक आणि वरून चार नवीन.

माझी स्वतःची राजदूत ३५० आहे, चौदा वर्षं झाली, आणि मित्रांच्या धरून दहाबारा गाड्यांवर मी हे काम पुन्हापुन्हा केलंय. त्यावरून एवढं नक्की सांगतो की बॅलन्सिंग हे सगळ्यात शेवटचं काम आहे. आधीचं सगळं नीट असेल तर ते अर्ध्या तासात होतं, आणि आधीचं काही बिघडलेलं असेल तर तुम्ही दिवसभर स्क्रू फिरवा, होणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० आपल्याकडे राजदूत या नावाने आणली, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलेंडर, सहा गिअर. प्रत्येक सिलेंडरला स्वतःचा मिकुनीचा स्लाइड कार्ब (थ्रॉटल फिरवला की आतली स्लाइड नावाची झडप वर उचलली जाते), ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा स्वतःचा पॉइंट, स्वतःची कॉइल. म्हणजे एका क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर) बसवलेली दोन वेगळी इंजिनं असंच समजा. दोघांनी सारखं ओढलं तर ती गाडी काय आहे ते ज्याने चालवलीय त्यालाच माहीत. एकाने कमी ओढलं की दुसरा त्याला फरपटत नेतो.

आधी लक्षणं. स्लो वरखाली होतो किंवा दोनतीन मिनिटांनी गाडी आपोआप बंद पडते. एका बाजूचा धूर जास्त, दुसऱ्या बाजूचा जवळपास नाहीच. साधारण अडीच-तीन हजार आरपीएमला फूटरेस्टमध्ये मुंग्या येतात आणि वर गेलं की कमी होतात. थ्रॉटल थोडा उघडला की गाडी आधी गुदमरते आणि मग एकदम झेपावते. प्लग काढले तर एक काळा ओला आणि एक पांढरट. अॅव्हरेज अचानक पडलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण, रेस देऊन सोडली की आरपीएम लगेच खाली न येता वरच लटकून राहतो. हे शेवटचं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा आणि खाली हवेच्या गळतीबद्दल लिहिलंय ते आधी वाचा, कारण टू-स्ट्रोकमध्ये आत जाणारं पेट्रोल पिस्टनला थंडावाही देतं, मिक्श्चर पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, की थंडावा कमी, मग पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

आता फुकटातली तपासणी. नुकती सुरू केलेली थंड गाडी मिनिटभर स्लोवर ठेवा आणि दोन्ही सायलेन्सरच्या बेंडवर, सिलेंडरच्या अगदी जवळ, पाण्याचे दोनदोन थेंब टाका. हात लावू नका. ज्या बाजूचं पाणी सुस्त पडून राहतं तो सिलेंडर काम करत नाहीये. हे करायचं कारण असं की "गाडी मिस मारतेय" एवढ्यावरून बाजू कळत नाही आणि भलत्या बाजूचा कार्ब उघडण्यात अख्खा रविवार जातो.

मग पेट्रोल. टाकीतलं पेट्रोल जूनपासूनचं असेल तर ते काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेत पाण्याची काय कमी. शिवाय चाळीस वर्षांपूर्वीचे रबर आणि वॉशर याच्यासाठी बनलेलेच नव्हते. एका काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढून दहा मिनिटं ठेवा, तळाला पाण्याचा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजलीय आणि तोच गाळ कार्बमध्ये बसलाय. झाकणाचं हवेचं भोक पण बघा, ते बुजलं असेल तर गाडी दहापंधरा मिनिटं छान चालते आणि मग तहानल्यासारखी बंद पडते, झाकण उघडलं की पुन्हा सुरू.

प्लग. दोन्ही काढा, गॅप ०.६ मिलिमीटरच्या आसपास सारखा करा, आणि मग डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा. बिघाड प्लगबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर प्लग बदलायचा आणि घरी जाऊन जेवायचं. नाही गेला तर प्लग निर्दोष. हा अदलाबदलीचा प्रकार या गाडीवर फार उपयोगी आहे, कारण प्रत्येक गोष्ट दोन आहेत आणि एक दुसऱ्याची साक्ष देते. प्लगची कॅप, कॉइल, सगळ्यावर हेच करता येतं. स्टॉक प्लग एनजीकेचा बी८एचएस, आणि दोन्ही बाजूला एकाच नंबरचा हवा. हे सांगायला लागतंय कारण एका बाजूला सात नंबर आणि दुसऱ्या बाजूला आठ असलेल्या दोन गाड्या मी स्वतः बघितल्यात. आणि चालू इंजिनवर प्लगची वायर नुसती उपसून हवेत धरू नका, झटका तर बसतोच पण कॉइलही जाऊ शकते. एक सिलेंडर बंद करून बघायचाच असेल तर त्या कॅपमध्ये जुना प्लग घालून तो इंजिनच्या धातूला नीट टेकवा, मग गाडी सुरू करा.

केबल. माझ्या मते निम्मे "बॅलन्स गेला" इथेच सापडतात म्हणून इथे जरा वेळ द्या. थ्रॉटलपासून एक केबल निघते, टाकीखाली ती फुटते, दोन कार्बला जातात आणि एक इंजिनला वंगणाचं ऑइल देणाऱ्या ऑइल पंपाला. गाडी स्लोवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. आरपीएम वाढला तर केबल कुठेतरी ताणतेय, बऱ्याचदा टाकी काढून परत बसवताना ती चिमटलेली असते. मग कार्बच्या डोक्यावरचे रबरी टोप वर सरकवा आणि केबलचं बाहेरचं कव्हर अॅडजस्टरच्या खोबणीत पूर्ण बसलंय का बघा. हे कव्हर दोन मिलिमीटर वर अडकून राहिलं तर त्या बाजूची स्लाइड कायम दोन मिलिमीटर उघडी, आणि मग तुम्ही कितीही स्क्रू फिरवा. केबलच्या आतल्या तारांचा एखादा धागा तुटून वर आला असेल तर केबल बदलाच. पुण्यात नाना पेठेत शोधलं तर सेट मिळतो, पण घेताना दोन्ही कार्बच्या केबल शेजारी धरून लांबी मोजा, डुप्लिकेट सेटमध्ये त्या लहानमोठ्या निघतात.

एअर फिल्टर आणि त्याच्या मागचे रबर दोन मिनिटांत बघून होतात. फिल्टर ऑइलने चिकट झाला असेल तर साफ करा, रबर कार्बच्या तोंडावर नीट बसलाय का बघा.

आता हवेची गळती, इथे घाई करू नका. कार्ब आणि सिलेंडर यांच्या मधला रबरी मॅनिफोल्ड उन्हाने आणि पेट्रोलने कडक होतो आणि त्याला बारीक चिरा पडतात. वरून छान दिसतो, वाकवला की चीर उघडते. दोन्ही मॅनिफोल्डना जोडणारी एक छोटी नळी असते, ती किंवा तिची क्लिप सैल असली तरी तीच लक्षणं. तपासायला लोक चालू गरम इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात, कृपा करून ते करू नका, दोन तापलेल्या सायलेन्सरच्या मधोमध पेट्रोलचा फवारा म्हणजे काय होऊ शकतं ते सांगायला नको. साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घ्या आणि मॅनिफोल्डच्या कडेने थोडंथोडं मारा, आवाज किंवा आरपीएम बदलला की गळती सापडली. चिरलेल्या मॅनिफोल्डला सील लावून काम भागवू नका. नवीन घ्या आणि दोन्ही बाजूचे एकदम घ्या, एक कडक एक मऊ असा संसार टिकत नाही.

पॉइंट. डाव्या बाजूचं कव्हर काढलं की दोन पॉइंट दिसतात, एकेका सिलेंडरचा. गॅप फीलर गेजने ०.३ ते ०.४ मिलिमीटर, दोन्हीचा सारखा. पॉइंट जळालेला, खड्डा पडलेला असेल तर बदला, तात्पुरतं चालवायचं असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवून स्वच्छ कपड्याने पुसा. हे कार्बच्या आधी का, तर गॅप बदलला की टायमिंग सरकतं, एका सिलेंडरचं टायमिंग मागे पडलं की तो सुस्त होतो, आणि मग माणूस त्या बाजूचा स्लोचा स्क्रू आत पिळून त्याला जबरदस्तीने पळवतो. स्लो लागतो, समाधान वाटतं, आणि हायवेवर तोच सिलेंडर तापतो. टायमिंग मात्र डोळ्याने लावायची गोष्ट नाही, त्याला प्लगच्या जागी डायल गेज लावून पिस्टन टॉपच्या किती मिलिमीटर आधी पॉइंट उघडतो ते बघावं लागतं. डायल गेज नसेल आणि कधी हे केलं नसेल तर एवढं काम ज्याला येतं त्याच्याकडून करून घ्या, मग पुढे या.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर कार्ब उघडा. आधी फोटो काढा, मग पेट्रोलचा नळ बंद, मग नळ्या काढा. दोन ताटल्या घ्या, एक डाव्याची एक उजव्याची, आणि एकाचा एकही भाग दुसऱ्या ताटलीत जाऊ देऊ नका. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत शंभरातल्या नव्वद वेळा पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारा बारीक जेट) बुजलेला असतो, त्याचं भोक इतकं बारीक आहे की सुकलेल्या पेट्रोलचा एक थर पुरतो. कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, हवा मारा, मग उजेडाकडे धरून बघा, गोल स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं आणि ते डोळ्याला कळत नाही. फारच हट्टी असेल तर वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा.

मग दोन्ही कार्बची तुलना करा, कारण इथे दर वेळी काहीतरी सापडतंच. दोन्ही मेन जेटचा (जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या जेटचा) नंबर सारखा आहे का, पायलट जेटचा सारखा आहे का, नीडलची, म्हणजे स्लाइडला लटकलेल्या सुईची, क्लिप दोन्हीकडे एकाच खाचेत आहे का, फ्लोटची (कार्बच्या वाटीत तरंगणाऱ्या भागाची) उंची सारखी आहे का. या गाड्या तीस-चाळीस वर्षांत किती हातांतून गेल्यात आणि प्रत्येकाने जे मिळालं ते लावलंय. हाय टॉर्क आणि लो टॉर्क या दोन मॉडेलचे आकडे एकमेकांत मिसळू नका, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. फ्लोटची उंची वेगळी असेल तर एका कार्बमध्ये पेट्रोलची पातळी वर राहते आणि तो सिलेंडर कायम ओला, हे बाहेरच्या कुठल्याच स्क्रूने सुधारत नाही. स्लाइड परत घालताना तिचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला हवा आणि डावी स्लाइड डाव्यातच. उलटी बसली तर किक मारल्याबरोबर इंजिन किंचाळत वर जाईल, म्हणून पहिली किक मारताना इग्निशनच्या चावीवर हात ठेवा.

आता बॅलन्स. इंजिन बंद आणि थंड, मागचे रबर काढलेले, म्हणजे कार्बच्या तोंडातून स्लाइड दिसल्या पाहिजेत. आधी केबलचे दोन्ही अॅडजस्टर सैल करा, केबलला भरपूर झोल हवा. मग दोन्ही स्लोचे स्क्रू मागे घ्या, स्लाइड पूर्ण खाली बसू द्या, मग स्क्रू हळूहळू आत, स्लाइडला नुसता टेकेपर्यंत, आणि तिथून दोन्हीकडे मोजून सारखे फेरे. कार्ब टेबलावर असतील तर याहून चांगली युक्ती म्हणजे एकाच मापाचे दोन ड्रिल बिट घ्यायचे आणि इंजिनच्या बाजूने दोन्ही स्लाइडखाली मागचा गुळगुळीत दांडा घालायचा, दोन्हीकडे सारखं घासून निघालं की उंची सारखी.

मग केबल. एकेक बोट एकेका कार्बच्या तोंडात घालून स्लाइडला हलकं टेकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी थ्रॉटल अगदी सावकाश फिरवायला सांगा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक आधी उचलली तर तिच्या केबलचा झोल वाढवा, किंवा दुसरीचा कमी करा. बोटाला जो फरक कळतो तो डोळ्याला कळत नाही, हे मी शिकलो ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडून, ते डोळे मिटून करायचे. मग थ्रॉटल पूर्ण उघडून बघा, दोन्ही स्लाइडची खालची कड वर एकदमच नाहीशी व्हायला हवी. थोडा झोल राहू द्या, अजिबात नसेल तर हँडल वळवलं की स्लो वाढेल. लॉकनट घट्ट करा आणि परत तपासा, कारण नट आवळताना अॅडजस्टर पाव फेरा फिरतोच.

आता ऑइल पंप, आणि हे मी ओरडून सांगतोय असं समजा. केबलला हात लावला की पंपाची केबल पुन्हा लावायचीच. पंपाच्या चाकावर एक खूण असते, ती मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या थ्रॉटलला पिनसमोर आली पाहिजे. पहिल्या वर्षी मी कार्ब सुंदर बॅलन्स केले आणि पंप तसाच सोडला. गाडी इतकी छान चालली की मी दुसऱ्या दिवशी साताऱ्याला निघालो, आणि खंबाटकीच्या चढावर उजवा पिस्टन जाम झाला. मागचं चाक लॉक झालं, क्लच दाबायला वेळ मिळाला म्हणून आज हे लिहितोय. कार्ब नेहमीसारखे उघडत होते आणि पंप मागे रेंगाळत होता, एवढंच कारण होतं. पंपापासून सिलेंडरला जाणाऱ्या दोन पारदर्शक नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे पण बघा, असतील तर पंपाच्या स्क्रूने हवा काढा. ज्यांनी पंप काढून टाकलाय आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात त्यांना हा भाग लागू नाही.

आता गाडी सुरू करायची, पण उघड्यावर, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नाही, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पाचसात किलोमीटर फिरवून इंजिन गरम करून आणा. एअर स्क्रू आधी दोन्हीकडे हलक्या हाताने पूर्ण आत टेकवून तिथून दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. हा हवेचा स्क्रू आहे हे लक्षात ठेवा, आत घेतला की हवा कमी म्हणजे मिक्श्चर जाड, बाहेर काढला की पातळ. मग एका बाजूचा पाव-पाव फेरा फिरवून जिथे आरपीएम सगळ्यात वर आणि आवाज स्वच्छ तिथे सोडा, मग दुसऱ्या बाजूचा. स्लो वाढला असेल तर दोन्ही स्लोचे स्क्रू सारखेच मागे घेऊन साधारण १२०० वर आणा. स्लोचा एक स्क्रू कधीही एकटा फिरवू नका. दोन्ही बाजूचे एअर स्क्रू शेवटी एकमेकांपासून अर्ध्या फेऱ्याच्या आत आले तर काम बरोबर झालं. एक पाऊण फेऱ्यावर आणि दुसरा अडीचवर जाऊन बसला तर मागची एखादी पायरी चुकलीय, जेट किंवा गळती, परत जा.

व्हॅक्यूम गेज (कार्बमधली ओढ मोजणारं मीटर) घेऊ का असं बरेच जण विचारतात. चार सिलेंडरच्या जुन्या होंडांना ते लागतं, आपल्या या टू-स्ट्रोकला बोट पुरतं. पैसे मॅनिफोल्डसाठी ठेवा.

आता कुठे थांबायचं. दोन्ही बाजूचं कॉम्प्रेशन गेजने मोजा, फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कार्बचा प्रश्नच नाही, रिंग किंवा बोअर गेलाय, हेड उघडणाऱ्याकडे द्या. उजव्या बाजूने पांढरा दाट धूर थांबतच नाही आणि गिअर ऑइलची पातळी खाली जातेय, तर उजवं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं रबरी सील, गेलंय आणि इंजिन ते ऑइल पितंय. मॅनिफोल्ड नवीन, कार्ब स्वच्छ, तरी आरपीएम लटकतो, तर डाव्या सीलवर संशय घ्या. अशा वेळी इंजिन बंद करून त्यात साधारण ६ पीएसआय हवा भरून ती टिकते का बघतात, हे ज्याच्याकडे त्याची साधनं आहेत त्याच्याकडूनच करून घ्या. दोन सिलेंडरच्या मधलं सील गेलं असेल तर अख्खा क्रँक प्रेसवर उघडावा लागतो, ते घरी होत नाही आणि साध्या गॅरेजमध्येही होत नाही, क्रँकचं काम रोज करणारा माणूस शोधा, कोल्हापूरला उद्यमनगरात अशी कामं होतात. स्लाइड कार्बमध्ये बोटाने हलवली की खडखड वाजते, म्हणजे बॉडी झिजलीय, तीही स्क्रूने भरून येत नाही. आणि चालू गाडीत एका बाजूने टणटण असा धातूचा आवाज आला, किंवा चढावर गाडी अचानक जड वाटली, तर क्लच दाबा, कडेला घ्या, थंड झाली तरी पुन्हा किक मारून घरी आणू नका. टेम्पोचं भाडं द्या.

सगळं जमलं तर वीसेक किलोमीटर फिरवून आणा, चावी बंद करून क्लच दाबूनच थांबा, आणि दोन्ही प्लग काढून शेजारीशेजारी ठेवा. दोन्ही एकाच चहाच्या रंगाचे असले पाहिजेत. रंग दिसला की फोटो काढून ठेवा, आणि एअर स्क्रू किती फेऱ्यांवर आहेत, क्लिप कितव्या खाचेत आहे ते हत्यारांच्या डब्याच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवा. आणि पुढच्या जूनमध्ये गाडी झाकायच्या आधी नळ बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालू ठेवा, मग दोन्ही कार्बच्या वाट्या काढून उरलेलं पेट्रोल ओतून द्या.